वाचकांचे प्रश्न : यंत्र चालू आहे, मग दिसत का नाही?

या वेळी आलेल्या पत्रांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा आहे. यंत्र चालू आहे, नेटही आहे, पण त्याच घरातल्या किंवा ऑफिसातल्या दुसऱ्या यंत्राला ते सापडत नाही. म्हणून ही पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : फायबरचा डबा हॉलमध्ये आहे. आतल्या खोल्यांत रेंज मिळेना म्हणून आम्ही दुसरा राउटर आणून केबलने त्याला जोडला. टीव्ही पहिल्या डब्याला केबलने लावलाय. मोबाइलवरून कास्ट करायला गेलं तर टीव्हीचं नाव कधी येतं, कधी येत नाही. टीव्हीवर सिनेमे मात्र न अडखळता चालतात. टीव्ही बदलावा का? — कोथरूड

उत्तर : टीव्हीला हात लावू नका. दुसरा राउटर आला त्या दिवशी तुमच्या घरात दोन नेटवर्कं झाली, दुखणं तिथे आहे.

कास्टचं बटण दाबलं की मोबाइल २२४.०.०.२५१ या सामायिक पत्त्यावर, यूडीपी (निरोप पाठवण्याची एक पद्धत) पोर्ट ५३५३ वर (हा पोर्ट म्हणजे सेवेचा क्रमांक, केबलचं भोक नव्हे) विचारतो : कास्ट घेणारं कोणी आहे का? टीव्ही ते ऐकतो आणि आपलं नाव, आयपी पत्ता आणि पोर्ट सांगतो. मधे कुठलाही सर्व्हर नसतो. या पद्धतीला एमडीएनएस म्हणतात. ॲपलने ती २००२ मध्ये रांदेव्हू या नावाने आणली, २००५ मध्ये तिचं बॉनजूर झालं, आणि २०१३ मध्ये तिचं मानक निघालं. लिनक्सवर हेच काम अवाही करतं. वाड्याच्या चौकात मारलेली हाक सगळ्या बिऱ्हाडांना ऐकू जाते, दिंडी दरवाज्याबाहेर जात नाही, तसं हे आहे. राउटर म्हणजे तो दरवाजा. हॉलमध्ये तुमचा मोबाइल पहिल्या डब्याचं वाय-फाय पकडतो तेव्हा टीव्ही दिसतो, आत गेल्यावर दुसऱ्याचं पकडतो तेव्हा नाही. ‘कधी कधी’चं कारण एवढंच. सिनेमे चालतात कारण इंटरनेटकडे जाणारा रस्ता दोन्हीकडून उघडा आहे.

खात्री करून घ्या. मोबाइलच्या वाय-फाय तपशिलात आयपी पत्ता असतो. तो हॉलमध्ये एकदा बघा आणि आतल्या खोलीत एकदा. एकीकडे १९२.१६८.१ ने सुरू होणारा आणि दुसरीकडे १९२.१६८.० ने सुरू होणारा निघाला, तर निदान झालं.

दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा, राउटर पुन्हा सुरू होईल, संपलं. तो पर्याय नसेल तर हाताने करावं लागतं, आणि त्यात क्रम महत्त्वाचा. आधी दुसऱ्या राउटरचा स्वतःचा पत्ता बदलून पहिल्या डब्याच्या मालिकेतला मोकळा द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२, पहिला डबा ज्या टप्प्यातून पत्ते वाटतो त्यात हा आकडा येत नाही ना, हे बघून. नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करा. मग त्याचं डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना पत्ते वाटायचं काम, बंद करा. सगळ्यात शेवटी केबल वॅन (इंटरनेटच्या) पोर्टमधून काढून लॅन (घरातल्या यंत्रांच्या) पोर्टात लावा. डीएचसीपी आधी बंद केलंत तर लॅपटॉपला पत्ता मिळणार नाही आणि सेटिंगचं पानच उघडणार नाही. ते चालूच ठेवून केबल बदललीत तर घरात पत्ते वाटणारे दोघे होतील आणि निम्म्या यंत्रांचं नेट बंद पडेल.

एवढं करूनही नाव येत नसेल तर मोबाइल गेस्ट वाय-फायवर आहे का, राउटरमध्ये ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ (वाय-फायवरच्या यंत्रांना एकमेकांपासून वेगळं ठेवणं) चालू आहे का आणि मोबाइलवर व्हीपीएन आहे का, हे पाहा. आयफोनवर आयओएस १४ पासून, म्हणजे २०२० पासून, प्रत्येक ॲपला ‘लोकल नेटवर्क’ची वेगळी परवानगी लागते. पहिल्यांदा विचारल्यावर घाईत ‘नको’ म्हटलं गेलं असेल तर ॲप नंतर गप्पच राहतं. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये जाऊन ती द्यावी लागते. मॅकवर २०२४ च्या सिकोया आवृत्तीपासून तोच प्रकार आहे. टीव्ही २.४ वर आणि मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर आहे म्हणून दिसत नाही, असं दुकानात सांगतात. एकाच राउटरचे हे दोन बँड सहसा एकाच नेटवर्कचे असतात, तेव्हा त्यामागे लागू नका.

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमध्ये चौदा आयपी कॅमेरे आणि एक रेकॉर्डर आहे. नवा मॅनेज्ड स्विच बसवल्यापासून रेकॉर्डरमधून ‘सर्च’ केलं की एकही कॅमेरा सापडत नाही. एखादा कॅमेरा बंद करून चालू केला की तो थोडा वेळ सापडतो, मग पुन्हा गायब. आधीच जोडलेल्या कॅमेऱ्यांचं चित्र मात्र अखंड येतं. ऑफिसचा प्रिंटर त्याच स्विचवर आहे, तो सगळ्यांना दिसतो. — भोसरी

उत्तर : पत्र इतकं नेमकं आहे की निदान त्यातच आहे. स्विचमध्ये आयजीएमपी (यंत्रं कुठल्या गटात आहेत ते कळवण्याची पद्धत) स्नूपिंग चालू आहे आणि नेटवर्कवर आयजीएमपी क्वेरिअर नाही.

ऑनव्हिफ (कॅमेऱ्यांचं सामायिक मानक) पाळणारे कॅमेरे डब्ल्यूएस-डिस्कव्हरी ही शोधाची पद्धत वापरतात. रेकॉर्डर २३९.२५५.२५५.२५० या मल्टिकास्ट (एका गटाला एकदम पाठवायच्या) पत्त्यावर, यूडीपी पोर्ट ३७०२ वर विचारणा करतो आणि त्या गटात नाव घातलेले कॅमेरे उत्तर देतात. साधा स्विच अशी विचारणा सगळ्या पोर्टांवर पाठवतो. स्नूपिंग चालू असलेला स्विच हिशेब ठेवतो : ज्या पोर्टावरच्या यंत्राने ‘मी या गटात आहे’ असं कळवलं, त्याच पोर्टावर पाठवायचं. कॅमेरा चालू होताना एकदा कळवतो. नंतर कोणी विचारलं तरच पुन्हा कळवतो, आणि विचारणारा तो क्वेरिअर. तोच नसेल तर कोणी कळवत नाही, स्विच ठरलेला वेळ वाट पाहतो आणि पोर्टाचं नाव यादीतून काढतो. क्वेरीचं नेहमीचं अंतर १२५ सेकंद. अशा दोन फेऱ्या आणि उत्तराला १० सेकंद धरले की २६० सेकंद होतात, म्हणजे सव्वाचार मिनिटांच्या आसपास. तुमचा ‘थोडा वेळ’ घड्याळ लावून मोजून पाहा, बहुतेक तेवढाच भरेल.

चित्र येत राहतं कारण ते रेकॉर्डर आणि कॅमेरा यांच्यात थेट जातं, मल्टिकास्टचा त्यात संबंध नाही. आणि प्रिंटर दिसतो तो एमडीएनएसमुळे. त्याचा पत्ता २२४.०.० ने सुरू होतो, आणि या मालिकेतले संदेश स्नूपिंग असलं तरी सगळीकडे पाठवावेत असा संकेत आहे. प्रिंटर दिसतो पण कॅमेरे आणि डीएलएनए (घरातल्या घरात व्हिडिओ-गाणी पाठवण्याची पद्धत) वापरणारे टीव्ही दिसत नाहीत, ही जोडी आढळली की पहिला संशय क्वेरिअरचा घ्यावा.

उपाय दोन. स्विचच्या आयजीएमपी पानावर ‘क्वेरिअर’ चालू करा. त्या व्हीलॅनमध्ये (एकाच स्विचवर पाडलेल्या वेगळ्या नेटवर्कात) स्विचला स्वतःचा आयपी पत्ता असला पाहिजे, नाहीतर बऱ्याच स्विचेसवर टिक दिसते आणि काम काही होत नाही. क्वेरिअर एकाच ठिकाणी पुरतो. दोन असले तर लहान आयपी पत्त्याचा जिंकतो, भांडण होत नाही. किंवा स्नूपिंगच बंद करा. चौदा कॅमेरे थेट चित्र पाठवत असतील तर मल्टिकास्टची गर्दी नगण्य असते, आणि आमच्या मते तुमच्या आकाराच्या जागेत हाच सरळ मार्ग आहे. कॅमेरे मल्टिकास्टने चित्र पाठवण्यासाठी लावले असतील तर मात्र असं करू नका. सगळी चित्रं सगळ्या पोर्टांवर ओतली जातील.

एक वेगळा प्रकारही होतो, त्यात स्विचचा दोष नसतो. निर्मात्याच्या स्वतःच्या शोध-सॉफ्टवेअरला कॅमेरा दिसतो, रेकॉर्डरला दिसत नाही. अशा वेळी कॅमेऱ्याचा कारखान्यातून आलेला पत्ता तुमच्या मालिकेबाहेरचा असतो. विचारणा त्याच्यापर्यंत पोचते, पण उत्तर थेट विचारणाऱ्याच्या पत्त्यावर पाठवायचं असल्याने ते गेटवेकडे (नेटवर्कबाहेर नेणाऱ्या राउटरकडे) जाऊन वाया जातं. निर्मात्याची सॉफ्टवेअरं बऱ्याचदा उत्तरही मल्टिकास्टने घेतात, म्हणून त्यांना दिसतो. त्याच सॉफ्टवेअरमधून पत्ता बदला.

प्रश्न : प्रिंटर बंद करून तासभर झाला तरी लॅपटॉपच्या यादीत त्याचं नाव दिसतं. निवडला तर जोडला जात नाही. — वाकड

उत्तर : एमडीएनएसमध्ये ‘इथे छपाईची सोय आहे’ ही नोंद ७५ मिनिटं धरून ठेवली जाते, तर यंत्राचं नाव आणि पत्ता यांची जोडी फक्त १२० सेकंद. बटणाने नीट बंद केलेला प्रिंटर जाताना शून्य मुदतीचा निरोप पाठवतो आणि नाव लगेच जातं. भिंतीवरचं बटण बंद केलं की निरोपाला वेळच मिळत नाही, म्हणून नाव राहतं पण पत्ता उडालेला असतो. काही बिघडलेलं नाही.

प्रश्न : जुन्या ऑफिसचं नेटवर्क ताब्यात घेतलं आहे. रॅकमध्ये तीन स्विच, शंभरावर केबली, लेबलं एकतर नाहीत नाहीतर चुकीची. टेबलावरचा पोर्ट कुठल्या स्विचच्या कितव्या पोर्टाला जातो, हे केबल न ओढता कळेल का? — हिंजवडी

उत्तर : कळेल, स्विचनाच विचारून. त्यासाठी एलएलडीपी आहे, आयईईईचं ८०२.१एबी हे २००५ चं मानक. वरच्या दोन प्रकारांत यंत्र विचारतं आणि दुसरं उत्तर देतं. इथे विचारणा नाहीच. प्रत्येक पोर्ट दर ३० सेकंदांनी आपली ओळख केबलीच्या दुसऱ्या टोकाला पाठवतो : मी अमुक यंत्र, हा माझा अमुक पोर्ट, ही माहिती १२० सेकंद खरी माना. याला आयपी पत्ताही लागत नाही. निरोपाची चौकट (फ्रेम) जाते ती ०१-८०-सी२-००-००-०ई या राखीव मॅक (हार्डवेअरच्या) पत्त्यावर, आणि नियमाप्रमाणे पहिल्याच स्विचपाशी थांबते. म्हणून जो सापडतो तो खरोखर शेजारी असतो.

लॅपटॉप केबलने टेबलावरच्या पोर्टाला लावा, वाय-फाय बंद करा. वायरशार्क (नेटवर्कवरचे संदेश दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून केबलचं कार्ड निवडा, फिल्टरच्या रकान्यात एलएलडीपी (lldp) एवढंच टाइप करा आणि एक मिनिट थांबा. चौकट आली की ती उलगडा. ‘सिस्टिम नेम’मध्ये स्विचचं नाव, ‘पोर्ट आयडी’त पोर्ट, आणि स्विच बोलका असेल तर व्हीलॅन क्रमांक आणि व्यवस्थापनाचा पत्ताही मिळतो. लिनक्सचा लॅपटॉप असेल तर एलएलडीपीडी हे पॅकेज घाला आणि ‘एलएलडीपीसीएलआय शो नेबर्स’ (lldpcli show neighbors) ही आज्ञा द्या. शंभर पोर्टांना हे जास्त सोयीचं पडतं. पोर्ट सापडला की तिथल्या तिथे दोन्ही टोकांना लेबल चिकटवा. वहीत लिहून संध्याकाळी चिकटवायचं म्हटलं की जुन्या लेबलांसारखीच गत होते.

मिनिटभरात काहीच आलं नाही, तर बहुधा स्विचवर एलएलडीपी बंद आहे. सिस्कोच्या बऱ्याच जुन्या स्विचवर ते मुळात बंद आणि सीडीपी (सिस्कोची स्वतःची अशीच पद्धत) चालू असतं. फिल्टरमध्ये सीडीपी लिहून पाहा, ते दर ६० सेकंदांनी येतं. मायक्रोटिकचे राउटर याशिवाय एमएनडीपी नावाने यूडीपी ५६७८ वरही ओळख देतात. सर्व्हरमध्ये इंटेलच्या एक्स७१० मालिकेचं कार्ड असेल तर आणखी एक फसगत आहे : कार्डाचं फर्मवेअर एलएलडीपीच्या चौकटी स्वतःच खातं, वर ऑपरेटिंग सिस्टिमला काही दिसतच नाही. इथटूल या लिनक्सवरच्या साधनातून फर्मवेअरचा एलएलडीपी बंद करावा लागतो.

एकाच पोर्टावर दोन-तीन शेजारी दिसले तर मधे कोणीतरी टेबलाखाली स्वस्तातला अनमॅनेज्ड स्विच लावलाय. नियम न पाळता तो राखीव चौकटी पुढे पाठवतो. अशा लपवलेल्या स्विचचा माग काढायला हीच खूण कामाची.

प्रश्न : आमचं छपाईचं दुकान आहे, चार संगणक आणि तीन प्रिंटर. गुरुवारी वीज जाऊन आली की एखाद-दुसरा प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवतो. काढून पुन्हा जोडला की चालतो. दर वेळी हेच. — अप्पा बळवंत चौक

उत्तर : वीज येते तेव्हा सगळं एकदम चालू होतं. प्रिंटर लवकर तयार होतो, राउटरला दीड-दोन मिनिटं लागतात. पत्ता मागितला आणि द्यायला कोणी नाही असं झालं, की प्रिंटर स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतो. किंवा राउटर जुनी वाटप-यादी विसरतो आणि प्रिंटरला वेगळा आकडा देतो. संगणक मात्र जुन्या पत्त्यावर ठोकत राहतो. पुढच्या वेळी काढून जोडण्याआधी प्रिंटरच्या नेटवर्क पानाची छापील प्रत घ्या; कुठला प्रकार आहे ते पत्त्यावरून कळेल.

राउटरमध्ये पत्ता राखून ठेवण्याचा सल्ला सगळे देतात. दुसऱ्या प्रकाराला तो चालतो, पहिल्याला नाही, कारण राउटर उठलेलाच नसतो. तुमच्यासाठी प्रिंटरच्या पॅनेलवरूनच कायमचा पत्ता घाला. राउटर १०० ते १९९ वाटत असेल तर प्रिंटरांना २४१, २४२, २४३ द्या. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे म्हणून राउटरचा पत्ता. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तोही घ्यावा.

मग विंडोजकडे वळा. प्रिंटर आपोआप जोडला की विंडोज बऱ्याचदा ‘डब्ल्यूएसडी’ पोर्ट बनवतं. तो प्रिंटरला प्रत्येक वेळी शोधून काढतो, आणि शोध अडला की ऑफलाइन. दुकानात शोधाची गरजच नाही. प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स, ॲड पोर्ट, ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ असं जाऊन वरचा आकडा घाला. त्याच पोर्टाच्या कॉन्फिगरमध्ये ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ची टिक काढा. प्रिंटर एसएनएमपीला (यंत्राची स्थिती विचारण्याच्या पद्धतीला) उत्तर देत नसेल तर चालू असूनही विंडोज त्याला ऑफलाइन ठरवतं.

प्रश्न : घरच्या एनएएसवरच्या (नेटवर्कला जोडलेल्या फाइल-साठ्यावरच्या) फाइली पत्ता टाइप केला की उघडतात, पण विंडोजच्या ‘नेटवर्क’मध्ये त्याचं नाव येत नाही. जुन्या संगणकावर यायचं. — सहकारनगर

उत्तर : ती जुनी यादी एसएमबी १ या फाइली वाटण्याच्या जुन्या पद्धतीवर उभी होती. विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०९ आवृत्तीपासून ते मुळात बसवलेलं नसतं. आता ‘नेटवर्क’ची यादी डब्ल्यूएस-डिस्कव्हरीवर चालते. एनएएसच्या सेटिंगमध्ये ते चालू करा; साधा सांबा सर्व्हर (लिनक्सवरून विंडोजला फाइली देणारा) असेल तर डब्ल्यूएसडीडी नावाचं पॅकेज घाला. विंडोजमध्ये ते नेटवर्क ‘पब्लिक’ नसून ‘प्रायव्हेट’ आहे ना, तेही पाहा. नाव दिसावं म्हणून एसएमबी १ पुन्हा चालू करायचा सल्ला जागोजागी सापडतो. तो ऐकू नका. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला तो त्यातल्याच भोकातून.

प्रश्न : क्लिनिकमध्ये रुग्णांचं वाय-फाय, आमचं वाय-फाय आणि प्रिंटर असे तीन व्हीलॅन केले. आता आमच्या आयपॅडवरून प्रिंटर दिसत नाही. प्रिंटर आमच्याच व्हीलॅनमध्ये आणला तर चालतो, पण तसं करायचं नाही. — औंध

उत्तर : वेगळं ठेवताय ते बरोबरच आहे. राउटरमध्ये ‘एमडीएनएस रिपीटर’ किंवा ‘रिफ्लेक्टर’ शोधा. एका व्हीलॅनमधली विचारणा ऐकून तो दुसऱ्यात पुन्हा उच्चारतो. लिनक्सचा डबा असेल तर अवाहीच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘रिफ्लेक्टर’ विभाग असतो. फक्त तुमचा आणि प्रिंटरचा व्हीलॅन निवडा, रुग्णांचा नको.

बहुतेकांचं घोडं अडतं ते यानंतर. रिफ्लेक्टर नाव पोचवतो, छपाईचा मजकूर नाही. आयपॅडवर प्रिंटर दिसायला लागतो आणि छापायला दिलं की अडकतो. फायरवॉलमध्ये तुमच्या व्हीलॅनकडून प्रिंटरच्या पत्त्याकडे छपाईचा टीसीपी पोर्ट ६३१ उघडा, संगणकांसाठी ९१०० सुद्धा. परतीची उत्तरं येऊ द्या. उलट दिशेने, म्हणजे प्रिंटरकडून सुरू होणारं, काही उघडायची गरज नाही.

रिफ्लेक्टर एकच ठेवा. राउटरमध्ये एक आणि ॲक्सेस पॉइंटच्या कंट्रोलरमध्ये दुसरा चालू राहिला तर तेच संदेश गोल गोल फिरतात. प्रिंटरला स्वतःचंच नाव दुसऱ्या कोणाचं तरी वाटतं आणि तो नावाला ‘२’ जोडतो, मग ‘३’. यादीत असे आकडे वाढताना दिसले की दुसरा रिफ्लेक्टर शोधून बंद करा.

प्रश्न : पीजीतल्या वाय-फायवर बाकीच्यांचे लॅपटॉप, फोन नावानिशी दिसतात. माझंही दिसत असणार. काय काय कळतं? — कर्वेनगर

उत्तर : यंत्राचं नाव, आणि त्यावर कुठल्या सेवा चालू आहेत ते : फाइल शेअरिंग, एअरप्ले, कास्ट. बऱ्याचदा मॉडेलही. फाइली किंवा पासवर्ड यातून कळत नाहीत. पण नवा फोन किंवा लॅपटॉप स्वतःच्या नावात मालकाचं नाव घालून ठेवतो, आणि तेवढ्यावरून कोण खोलीत आहे, कोण नाही हे सांगता येतं. फोनचं नाव ‘अबाउट’मध्ये जाऊन बदला. विंडोजला ते नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणून सांगा, मॅकवर शेअरिंगच्या पानावरचं सगळं बंद करा, एअरड्रॉप ‘कॉन्टॅक्ट्स ओन्ली’वर ठेवा. वाय-फाय सांभाळणाऱ्याला क्लायंट आयसोलेशन चालू करायला सांगा. पीजीत कोणाला कोणाचं यंत्र दिसायची गरज नसते. कास्ट बंद पडेल, एवढीच त्याची किंमत.